चूक शिरली कुठे? : संगणकीय रचनेतील विसंगतीचा माग

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. वसतिगृहात सहा वर्षे राहून दहावीनंतर येथून बाहेर पडलेली ही मुलगी आता वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जयभीम झाल्यावर तिने विचारले, "सर, सांचीच्या मोठ्या स्तूपाची मापे तुमच्या वहीत असतील ना?" घुमटाचा म्हणजे अंडाचा व्यास सुमारे साडेछत्तीस मीटर, उंची सुमारे साडेसोळा मीटर, अशी टिपलेली मापे मी तिला दिली. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याची, म्हणजे वेदिकेची, संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करण्याचा तिचा प्रकल्प होता.

महिनाभराने पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. "सर, मी विषय बदलते आहे. माझी फाइल माझ्या लॅपटॉपवर एक आकार दाखवते आणि महाविद्यालयाच्या संगणकावर दुसरा. काल बरोबर होते ते आज चुकते. मला हे जमण्यासारखे नाही."

हे शेवटचे वाक्य मी पंचवीसहून अधिक वर्षे वर्गात ऐकत आलो आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी एवढे शिकते आहे, ते मूल यंत्र अडले की यंत्राची तपासणी करत नाही. स्वतःलाच नापास करून मोकळे होते. मी तिला म्हणालो, "विषय नंतर बदल. रविवारी लॅपटॉप घेऊन शाळेच्या ग्रंथालयात ये." ती तीन रविवार आली. मी इतिहासाचा शिक्षक, संगणकाचा जाणकार नव्हे. मात्र साधनांची उलटतपासणी हा आमच्या विषयाचा पायाच आहे आणि येथे तीच उपयोगी पडली. त्या तीन रविवारांत जे कळले, ते अशाच वाटेवर असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी येथे मांडत आहे.

पेट्या, तारा आणि उघड इतिहास

आधी हे साधन समजून घेऊ. नेहमीच्या आरेखनात आपण रेषा काढतो आणि ती तेथेच राहते. पॅरामेट्रिक पद्धतीत रेषा कशी काढायची याचा क्रम आपण लिहून ठेवतो. मापाचा एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सारी रचना नव्याने उभी राहते. आकारांमधील नाते संगणकाला सांगून ठेवायचे, ही कल्पना आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'स्केचपॅड' या प्रणालीतून प्रत्यक्षात आणली होती.

आज वास्तुशास्त्राचे विद्यार्थी यासाठी प्रामुख्याने 'ग्रासहॉपर' वापरतात. ते 'राइनो' या त्रिमितीय आरेखन-प्रणालीबरोबर येते. येथे आज्ञा शब्दांत लिहाव्या लागत नाहीत. पडद्यावर छोट्या पेट्या मांडायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. एक पेटी वर्तुळ काढते, दुसरी त्याचे भाग पाडते, तिसरी प्रत्येक भागावर स्तंभ उभा करते. डेव्हिड रटन यांनी २००७ च्या सुमारास हे साधन तयार केले, तेव्हा त्याचे पहिले नाव 'एक्स्प्लिसिट हिस्टरी' असे होते. उघड करून ठेवलेला इतिहास! ते नाव ऐकताच माझी भीती गेली. अंतिम आकार ही शेवटची घटना असेल, तर तिच्यामागील प्रत्येक घटना त्या तारांवर जशीच्या तशी मांडलेली आहे. आपण ती उलट क्रमाने वाचायची.

संगणकाला लहर नसते

पहिले सूत्र आम्ही वहीत लिहिले : तीच प्रणाली, तीच माहिती आणि तोच क्रम असेल, तर उत्तर तेच येते. 'रँडम' नावाची यादृच्छिक आकडे देणारी पेटीसुद्धा 'सीड' म्हणून दिलेला आकडा तोच ठेवला, की दरवेळी तीच मालिका देते. म्हणून उत्तर बदलले असेल, तर दिलेली माहिती कुठेतरी बदललेली आहे. आपण जिला माहिती समजतच नव्हतो, अशी एखादी गोष्ट हिशेबात शिरलेली आहे. ती शोधणे एवढेच काम.

दुसरे सूत्र रंगांविषयीचे. पेटी लाल झाली तर काम अडले आहे, नारिंगी झाली तर काही इशारा आहे, करडी राहिली तर तक्रार नाही. पण तक्रार नसणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे. सांगितलेले काम पार पडले, एवढेच करडा रंग सांगतो. सांगितलेलेच चुकीचे असेल तर ते त्याला कळत नाही. तिच्या फाइलमधील बहुतेक चुका करड्या पेट्यांतच लपलेल्या होत्या.

तिसरी गोष्ट आकार लहान करण्याची. तिने अभ्यासासाठी १२० स्तंभ धरले होते (प्रत्यक्ष वेदिकेची ही संख्या नव्हे) आणि प्रवेशद्वारांच्या जागा तूर्त सोडल्या नव्हत्या. एवढ्या गर्दीत चूक दिसत नाही. मी तिला जेम्स प्रिन्सेप यांची गोष्ट सांगितली. दीर्घ स्तंभलेखांपाशी अडून राहिलेले ब्राह्मीचे वाचन १८३७ मध्ये पुढे सरकले ते सांचीच्या वेदिकेवरील अगदी छोट्या लेखांमुळे. अनेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्यांनी हेरले, हे दान देणाऱ्यांचे लेख असावेत असा तर्क केला आणि 'दानं' हा शब्द हाती लागला. मोठे कोडे सुटत नसेल तर त्याचा लहानात लहान, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा धरावा. आम्ही १२० चे ८ स्तंभ केले आणि प्रत्येक तारेवर काय वाहते ते दाखवणारी 'पॅनेल' ही पेटी जागोजागी लावली.

पहिली विसंगती : मोजदाद

वेदिकेचे वर्तुळ तिने चार पाव-वर्तुळे जोडून काढले होते. आठ स्तंभांसाठी प्रत्येक पावाचे दोन भाग. पडद्यावर स्तंभ आठच दिसत होते. पॅनेलमध्ये आकडा १२ होता.

कारण साधे आहे. बंद वर्तुळाचे आठ भाग केले तर विभागणीचे बिंदू आठच मिळतात, कारण शेवट आणि आरंभ एकच असतो. उघड्या रेषेचे दोन भाग केले तर बिंदू तीन मिळतात : दोन टोके आणि एक मधला. चार पावांचे तीन-तीन मिळून बारा. जेथे दोन पाव मिळतात त्या चारही ठिकाणी एकात एक असे दोन स्तंभ उभे होते. १२० च्या रचनेत हीच संख्या १२४ होत होती. डोळ्यांना हे दिसत नाही. पण दगडाचे घनमाप काढताना किंवा घनाकृती एकत्र जोडताना हे चार जुळे स्तंभ गोंधळ घालतात. उपाय म्हणजे चारही पाव आधी एका बंद वक्रात जोडणे, अथवा एकाच जागी पडलेले बिंदू गाळून टाकणे.

याच चार पावांतून आणखी एक विचित्र प्रकार घडला होता. प्रत्येक स्तंभाला पुढच्या स्तंभाशी जोडण्यासाठी तिने यादी एका घराने सरकवली होती, जेणेकरून शेवटचा स्तंभ फिरून पहिल्याशी जोडला जावा. परंतु चार पावांचे बिंदू चार वेगळ्या फांद्यांत साठवलेले होते आणि यादी प्रत्येक फांदीत स्वतंत्रपणे सरकत होती. परिणामी प्रत्येक पावाचा शेवटचा स्तंभ त्याच पावाच्या पहिल्या स्तंभाशी जोडला गेला आणि चार लांब आडव्या शिळा थेट अंडाच्या पोटातून आरपार गेल्या. हा आकार पाहूनच ती खचली होती. जुळे बिंदू गाळून चार फांद्यांची एक सलग यादी केली आणि चारही शिळा जागेवर आल्या. मात्र हे एकत्रीकरण, ज्याला 'फ्लॅटन' म्हणतात, विचार करून करावे. प्रत्येक अडचणीवर तोच उपाय केला, तर कोणता बिंदू कोणत्या गटातला ही नोंदच पुसली जाते.

दुसरी विसंगती : याद्यांची जुळणी

वेदिकेत दोन स्तंभांमध्ये तीन आडव्या शिळा असतात. त्यांना सूची म्हणतात. वर बसते ती उष्णीष. म्हणजे १२० अंतराळांत एकूण ३६० सूची हव्यात. तिला मिळत होत्या १२० च. त्यातही पहिली सूची खालच्या उंचीवर, दुसरी मधल्या, आणि उरलेल्या ११८ सगळ्या वरच्या उंचीवर.

येथे संगणकाने नियम पाळला होता. एका तारेवरून १२० जागा आल्या, दुसरीवरून ३ उंची. ग्रासहॉपर पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी जोडी लावतो आणि लहान यादी संपली की तिचा शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा वापरतो. 'डायनॅमो' या दुसऱ्या प्रचलित साधनात सामान्यतः लहान यादी संपली की जुळणी थांबते. तेथे हीच रचना केली असती तर फक्त तीन सूची मिळाल्या असत्या. साधन बदलले की न लिहिलेला नियमही बदलतो.

तिला हवे होते ते प्रत्येक जागेला तीनही उंची देणे. त्यासाठी जागांच्या यादीवर 'ग्राफ्ट' करावे लागते, म्हणजे प्रत्येक जागेला स्वतःची स्वतंत्र फांदी द्यावी लागते. मग प्रत्येक फांदीशी तीन उंची जुळतात आणि ३६० पुरे होतात. वर्गात वह्या वाटताना "एकेकाला एक" आणि "प्रत्येकाला तीन" यांत जो फरक आहे तोच हा. जुळणी होण्याआधी दोन्ही याद्यांची लांबी आणि फांद्यांची संख्या वाचून घेण्याची सवय लावली, तर या प्रकारच्या चुका उद्भवताक्षणी सापडतात.

तिसरी विसंगती : दिशा आणि सांधा

प्रत्येक स्तंभाच्या बाहेरच्या बाजूस दानलेखासाठी एक पट्टी तिने योजली होती. तीन पावांत ती बाहेर होती, चौथ्यात आत. तो पाव काढताना रेषा उलट बाजूने ओढली गेली होती. कागदावर डावीकडून काढलेली आणि उजवीकडून काढलेली रेषा सारखीच. संगणकात मात्र प्रत्येक रेषेला आरंभ, शेवट आणि दिशा असते, आणि स्तंभाचे तोंड त्या दिशेवरून ठरते. एक दिशादर्शक रेषा ठरवून बाकीच्या तिच्याशी जुळवून घेणे हा उपाय.

सूचीच्या बाबतीतही तेच. तिचा छेद भिंगासारखा फुगीर असतो. दोन टोकांचे छेद काढून त्यांवरून पृष्ठभाग ताणला, की काही सूची पिळलेल्या कपड्यासारख्या दिसत. बंद वक्राचाही कुठेतरी एक सांधा असतो, जेथून तो सुरू होतो. एका छेदाचा सांधा वर आणि दुसऱ्याचा बाजूला असेल, तर पृष्ठभागाला पीळ पडतो. सांधे एका ओळीत आणले की पीळ जातो. वक्रावरील जागा सांगणाऱ्या आकड्याबाबतही हेच भान हवे. ०.५ म्हणजे मध्य असे आपण धरतो. पण त्या वक्राची आतली मोजपट्टी शून्य ते एक अशी नसेल, तर ०.५ भलतीकडेच पडते. तेथे 'रीपॅरामीटराइझ' करावे, आणि लांबीने मोजलेला नेमका मध्य हवा असेल तर लांबीवरूनच मोजावे.

चौथी विसंगती : दोन संगणक, दोन उत्तरे

तिला विषय सोडायला लावणारी अडचण ही होती. घरी स्तंभात सूचीसाठी खोबणी पडत. महाविद्यालयात पडत नसत. फाइल तीच, आकडे तेच.

या वेळी आम्ही आकार बाजूला ठेवून दोन्हीकडील परिस्थितीची तुलना केली. ग्रासहॉपरची फाइल एकटी चालत नाही. ती त्या वेळी उघडलेल्या राइनोच्या फाइलमधून मापाचे एकक आणि टॉलरन्स, म्हणजे मान्य फरकाची मर्यादा, घेत असते. दोन्हीकडे एकक मीटरच होते. टॉलरन्स मात्र घरच्या फाइलमध्ये ०.०१ आणि महाविद्यालयातील फाइलमध्ये ०.००१ होता. एकीकडे एक सेंटिमीटरची फट 'नाही' असे समजले जात होते, दुसरीकडे केवळ एक मिलिमीटरची.

म्हणजे स्तंभात कुठेतरी या दोहोंमधली फट असली पाहिजे. शोधता शोधता ती सापडली. स्तंभाची रुंदी ०.२५ मीटर. तिची अर्धी रुंदी दोन ठिकाणी लागत होती. एके ठिकाणी तिने ०.१२५ लिहिले होते, दुसरीकडे घाईत ०.१२. त्यामुळे स्तंभाच्या बाजू पाच मिलिमीटरने एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. घरच्या संगणकाने ती फट चालवून घेतली, बाजू जोडल्या आणि बंद घनाकृती तयार केली. महाविद्यालयातील संगणकाने ती चालवली नाही. स्तंभ उघडाच राहिला. उघड्या पेटीतून घन कापून काढता येत नाही, म्हणून खोबणी पडली नाहीत.

टॉलरन्स ढिला केला असता तर दोन्हीकडे उत्तर जुळले असते आणि चूक तशीच आत राहिली असती. आम्ही तसे केले नाही. रुंदी एकाच ठिकाणी लिहिली आणि अर्धी रुंदी तिच्यावरूनच काढली. एकच तथ्य दोन ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदवले, की आज ना उद्या त्या नोंदी एकमेकींशी भांडतात, हे जुनी दप्तरे चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. खोबणी पाडणाऱ्या घनाबाबत एक पथ्यही पाळावे : त्याचे टोक स्तंभाच्या पृष्ठभागाशी तंतोतंत टेकवू नये, थोडे बाहेर काढावे. दोन पृष्ठभाग एकाच पातळीवर आले की आत कोणते आणि बाहेर कोणते, हे संगणकाला ठरवता येत नाही.

पाचवी विसंगती : दशांशाचा उरलेला कण

अखेरची अडचण संगणकाच्या अंकपद्धतीतच आहे. एक तृतीयांश आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसाच ०.१ हा आकडा संगणकाला त्याच्या द्विमान पद्धतीत पुरता लिहिता येत नाही. म्हणून तेथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. सतराव्या दशांशस्थळी ४ उरतो. कोन १२० वेळा मिळवत मिळवत वर्तुळ पुरे केले, तर शेवटचा बिंदू पहिल्यावर तंतोतंत न येण्याची शक्यता असते. मिळवत न जाता प्रत्येक स्तंभाचा क्रमांक कोनाने गुणावा, आणि दोन आकडे 'समान आहेत का' असे न विचारता 'त्यांतील फरक अमुक मर्यादेच्या आत आहे का' असे विचारावे.

हा कण क्षुल्लक वाटतो. परंतु २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र रोखू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा सेकंदाचा दहावा भाग एकक धरून वेळ मोजत होती. ०.१ चा तुटलेला कण सुमारे शंभर तासांत साचून एक तृतीयांश सेकंदाएवढा झाला होता.

तिच्या फाइलमध्ये याचे सौम्य रूप होते. स्तूपाची जागा तिने सर्वेक्षणाच्या सहनिर्देशकांवर ठेवली होती. त्या पद्धतीत सांचीचे विषुववृत्तापासूनचे अंतर सुमारे २६ लाख मीटर भरते. पडद्यावर आकार दाखवणारे जाळे अनेकदा कमी अंकांच्या अचूकतेत साठवले जाते. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी त्याची पायरी पाव मीटरची होते, म्हणजे स्तंभाच्या रुंदीएवढीच! म्हणून स्तंभ कुरतडल्यासारखे दिसत होते. सारी रचना शून्यबिंदूजवळ आणली आणि कडा सरळ झाल्या. प्रत्यक्ष जागेवर नेण्याचे काम अगदी शेवटी करावे.

शोधाचा क्रम

तिसऱ्या रविवारी तिने वहीत जो क्रम लिहिला तो असा. आधी मूळ फाइलची प्रत करावी. एकक, टॉलरन्स, प्रणालीची आवृत्ती आणि शून्यबिंदूपासूनचे अंतर नोंदवावे. रचना लहान करावी. प्रत्येक पेटीत किती गोष्टी गेल्या आणि किती बाहेर आल्या ते आधी बोटावर मोजून मग पॅनेलमध्ये पाहावे. शेवटापासून मागे येत, जेथपर्यंत सर्व बरोबर आहे ती शेवटची पायरी शोधावी. चूक तिच्या लगेच पुढे असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल लिहून ठेवावा. एकाच वेळी तीन बदल करून उत्तर बरोबर आले, तर कोणत्या बदलाने आले ते कळत नाही आणि शिकायचे राहून जाते.

सायंकाळी तिने तीच फाइल ग्रंथालयाच्या जुन्या संगणकावर उघडली. स्तंभ १२०, सूची ३६०, सर्व घनाकृती बंद. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातही तेच आकडे आले. विषय बदलण्याचा अर्ज तिने दिला नाही.

त्या वहीची छायाप्रत आता ग्रंथालयात ठेवली आहे. पुढची पाने कोरी आहेत. आपले जे माजी विद्यार्थी अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र वा संगणकक्षेत्रात आहेत, त्यांनी आपल्याला सापडलेली एकेक चूक आणि तिचा माग त्या पानांवर लिहावा, ही विनंती. आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की मूल "मला हे जमत नाही" म्हणाले, तर त्याला समजावण्याआधी शेजारी बसून विचारावे, "कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होते?" हा प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.